दोन कानांतील सूक्ष्म फरक आणि त्रिमितीय ध्वनीची अनुभूती

बंगळुरू : हेडफोन लावून डोळे मिटल्यावर कात्रीचा आवाज उजव्या कानामागून फिरत डावीकडे जातो, पाठीमागे दार लागते आणि कुणीतरी अगदी कानाशी येऊन कुजबुजते. प्रत्यक्षात खोलीत कोणीही नसते. केवळ दोन ध्वनिवाहिन्यांतून मिळणाऱ्या या अनुभूतीला द्विकर्णी अर्थात ‘बायनॉरल’ ध्वनिमुद्रण म्हणतात. मोबाईल, संगीतसेवा आणि आभासी वास्तवाची उपकरणे यांमुळे हे तंत्र घराघरांत पोहोचले असले, तरी त्यामागील विज्ञान शतकाहून जुने आहे. त्यातील एका महत्त्वाच्या टप्प्याशी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या माजी विद्यार्थ्याचे नाव जोडलेले आहे.

नेहमीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायक, तबला आणि तंबोरा यांचे आवाज डाव्या आणि उजव्या वाहिनीत कमीअधिक प्रमाणात वाटून दिलेले असतात. समोर ठेवलेल्या दोन स्पीकरसाठी ही विभागणी योग्य ठरते. मात्र तेच संगीत हेडफोनवर ऐकले, तर वाद्ये डोक्याच्या आत, दोन कानांना जोडणाऱ्या रेषेवर वाजत असल्यासारखी वाटतात. द्विकर्णी ध्वनिमुद्रणात आवाज डोक्याबाहेर, ठरावीक दिशेला आणि ठरावीक अंतरावर भासतो. हा फरक हेडफोनच्या किमतीतून नव्हे, तर ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतून निर्माण होतो.

दिशेचे गणित

डोळ्याच्या पडद्यावर दृश्याचे चित्र उमटते आणि त्यात डावे-उजवे आधीच मांडलेले असते. कानाच्या पडद्यावर असे कोणतेही चित्र नसते. तेथे केवळ हवेच्या दाबातील चढउतार पोहोचतो. आवाजाची दिशा मेंदूला दोन्ही कानांतील चढउतारांची तुलना करून काढावी लागते.

नोबेल पारितोषिक विजेते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या तुलनेचे दोन आधार स्पष्ट केले. पहिला आधार वेळेचा. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. डोक्याला वळसा घालण्यासाठी ध्वनीला साधारण २२ सेंटिमीटर अधिक अंतर कापावे लागते. त्यामुळे दोन कानांतील वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. अनुकूल परिस्थितीत माणसाची श्रवणयंत्रणा १० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग, इतका सूक्ष्म फरकही ओळखू शकते.

दुसरा आधार तीव्रतेचा. उच्च वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी लहान असल्याने डोके त्याच्या मार्गात आडोसा ठरते आणि पलीकडच्या कानावर ध्वनीची सावली पडते. काही वारंवारतांना हा फरक २० डेसिबलपर्यंत जातो. ढोबळमानाने १,५०० हर्ट्झच्या खालच्या आवाजांसाठी वेळेचा, तर त्यावरील आवाजांसाठी तीव्रतेचा फरक अधिक उपयोगी पडतो.

हे दोन आधार असूनही एक अडचण उरते. अगदी समोरून, अगदी मागून किंवा डोक्याच्या बरोबर वरून येणारा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारख्याच तीव्रतेने पोहोचतो. मग समोर आणि मागे यांतील भेद कसा कळतो? येथे बाह्यकर्णाच्या वळ्या कामी येतात. वेगवेगळ्या दिशांनी आलेला ध्वनी या वळ्यांवरून परावर्तित होताना त्यातील काही वारंवारता वाढतात, तर काही क्षीण होतात. खांदे आणि धड यांचाही त्यात वाटा असतो. हे बदल ओळखण्यास मेंदू बालपणापासून शिकलेला असतो. डोके, धड आणि कान मिळून प्रत्येक दिशेच्या आवाजावर जो संस्कार करतात, त्याच्या गणिती मांडणीला ‘हेड रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन’ अर्थात ‘एचआरटीएफ’ म्हणतात. त्रिमितीय ध्वनीचे आजचे बहुतांश तंत्रज्ञान याच मांडणीवर उभे आहे.

अंतराचा अंदाज

दिशेइतकेच महत्त्व अंतराला आहे. आवाज मोठा असला म्हणजे तो जवळचा असतो असे नाही. थेट पोहोचलेला ध्वनी आणि भिंतींवरून परावर्तित होऊन मागाहून आलेला ध्वनी यांच्या प्रमाणावरून मेंदू बंदिस्त जागेतील अंतर आणि त्या जागेचा आकार जोखतो. दिशा ठरवताना तो प्रथम आलेल्या ध्वनीला प्राधान्य देतो. त्यामुळेच चार भिंतींच्या खोलीतही बोलणाऱ्याची जागा चुकत नाही.

वास्तूची रचना या संकेतांत बदल घडवू शकते, याचे मराठी वाचकाला परिचित उदाहरण म्हणजे विजापूरचा गोल घुमट. घुमटाच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेले शब्द समोरच्या बाजूच्या माणसाला जवळून बोलल्यासारखे ऐकू येतात, कारण ध्वनी वक्र भिंतीला बिलगून प्रवास करतो. पुढे बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविणारे आणि १९४८ मध्ये रामन संशोधन संस्था स्थापन करणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यातील वास्तव्यात, १९२०च्या दशकाच्या आरंभी, अशा ‘कुजबुजत्या सज्जां’चा अभ्यास केला होता. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलप्रमाणेच गोल घुमटाचाही त्यात समावेश होता.

कृत्रिम मस्तकाचा प्रवास

दोन कानांसाठी दोन स्वतंत्र ध्वनिवाहिन्या वापरण्याचा प्रयोग ध्वनिमुद्रणाच्या बाल्यावस्थेतच झाला. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात फ्रेंच अभियंता क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक बसवले. प्रदर्शनातील श्रोते दोन्ही कानांना स्वतंत्र श्रवणनळ्या लावून ऑपेरा ऐकत. गायक रंगमंचावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात असल्याचे त्यांना जाणवत होते.

१९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा मांडला. पुतळ्याच्या कानांजवळ मायक्रोफोन होते आणि त्यांनी टिपलेला आवाज प्रेक्षकांना हेडफोनवर ऐकवला जात असे. जर्मनीच्या न्यूमन कंपनीने १९७३ मध्ये ‘केयू ८०’ हे कृत्रिम मस्तक सादर केले. त्याच वर्षी ‘डिमॉलिशन’ हे कृत्रिम मस्तकाने मुद्रित केलेले श्रुतिनाट्य जर्मन नभोवाणीवरून प्रसारित झाले. याच कंपनीचे १९९२ मधील ‘केयू १००’ हे मस्तक आजही अनेक ध्वनिमुद्रणगृहांत आणि प्रयोगशाळांत वापरले जाते.

या मस्तकाची रचना सोपी वाटते. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा साचा, त्यावर कानांच्या हुबेहूब प्रतिकृती आणि कर्णनलिकेच्या जागी दोन संवेदनशील मायक्रोफोन. मस्तकाच्या डाव्या कानाने टिपलेला ध्वनी श्रोत्याच्या फक्त डाव्या कानात आणि उजव्या कानाने टिपलेला ध्वनी फक्त उजव्या कानात पोहोचवणे, ही या तंत्राची मूलभूत अट आहे. हेडफोन ही अट आपोआप पूर्ण करतो. स्पीकर मात्र ती मोडतो.

बंगळुरूचा धागा

स्पीकरवर द्विकर्णी ध्वनिमुद्रण वाजवल्यास डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही आणि उजव्याचा डाव्या कानालाही ऐकू येतो. मुद्रणात जपलेला सूक्ष्म फरक या सरमिसळीत पुसला जातो आणि आवाज पुन्हा समोरच्या दोन पेट्यांतून आल्यासारखा वाटतो.

या समस्येवर पहिला परिणामकारक उपाय सुचवणाऱ्या दोघांपैकी एक बिष्णू अटल. कानपूर येथे १९३३ मध्ये जन्मलेल्या अटल यांनी १९५५ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून विद्युत संचार अभियांत्रिकीची पदविका घेतली. १९५७ ते १९६० या काळात त्यांनी तेथेच ध्वनिशास्त्राचे अध्यापन केले. १९६१ मध्ये ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि लवकरच जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासमवेत त्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले.

त्यांच्या उपायामागील तर्क असा : डाव्या स्पीकरचा जो अंश उजव्या कानात शिरणार आहे, त्याची उलट आवृत्ती योग्य विलंबाने उजव्या स्पीकरमधून सोडावी, म्हणजे उजव्या कानाशी दोन्ही परस्परांना रद्द करतील. परंतु ही उलट आवृत्तीही डाव्या कानात गळते. तिला रद्द करण्यासाठी आणखी एक दुरुस्ती लागते आणि तिच्यासाठी पुन्हा आणखी एक. उत्तरोत्तर क्षीण होत जाणारी ही साखळी गणिताने आधीच हिशेबात घेतली, तर दोन स्पीकर समोर असूनही आवाज बाजूने किंवा मागून आल्याचा भास निर्माण करता येतो. या पद्धतीचे पेटंट दोघांना १९६६ मध्ये मिळाले. श्रोत्याने डोके थोडे हलवले तरी हा परिणाम विस्कटतो, ही तिची मर्यादा होती. आजचे ‘त्रिमितीय’ साउंडबार आणि लॅपटॉपचे स्पीकर याच मूळ कल्पनेचे विकसित रूप वापरतात.

या पद्धतीचा उपयोग संगीत सभागृहांच्या परीक्षणासाठीही झाला. श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात युरोपातील अनेक सभागृहांची तुलना केली. एकच वाद्यवृंदरचना प्रत्येक सभागृहात वाजवून ती कृत्रिम मस्तकाने मुद्रित करण्यात आली. नंतर प्रतिध्वनिरहित खोलीत स्पीकरवरून ती श्रोत्यांना ऐकवण्यात आली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात श्रोत्यांची पसंती अशा सभागृहांना मिळाली, जेथे दोन कानांना पोहोचणारे ध्वनी परस्परांपासून अधिक वेगळे होते.

अटल पुढे ध्वनिमुद्रणाकडून मानवी वाणीच्या संकेतनाकडे वळले. त्यांनी विकसित केलेल्या पद्धती मोबाईल दूरध्वनीवरील संभाषणाचा पाया ठरल्या.

रातकिड्याचे दोन कान

भारतीय विज्ञान संस्थेत दोन कानांच्या तुलनेचा अभ्यास अगदी वेगळ्या दिशेनेही झाला आहे. संस्थेच्या पर्यावरण विज्ञान केंद्रातील प्रा. रोहिणी बालकृष्णन आणि नताशा म्हात्रे यांनी रातकिड्याची मादी नराच्या किरकिरीचा माग कसा काढते, हे तपासले. त्यांचे निष्कर्ष २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात आणि शरीरातील श्वसननलिकेने ते एकमेकांशी जोडलेले असतात. इतक्या लहान शरीरात दोन कानांतील वेळेचा फरक नगण्य ठरतो. मात्र बाहेरून आणि नलिकेतून आलेल्या ध्वनीच्या परस्परक्रियेमुळे प्रत्येक कानाला दिशेची जाणीव मिळते. अनेक नर एकाच वेळी गात असताना मादी नेमकी कोणत्या वाटेने जाईल, याचे भाकीत तिच्या श्रवणक्रियेवर आधारित संगणकीय प्रतिरूपाने करता येते, असे संशोधकांनी प्रत्यक्ष मैदानातील निरीक्षणांशी ताडून दाखवले. दिशा ओळखणे म्हणजे दोन कानांतील फरक वाचणे, हे सूत्र कीटकापासून माणसापर्यंत कायम राहते. ते साधण्याची यंत्रणा तेवढी बदलते.

दुसऱ्याच्या कानांनी ऐकताना

द्विकर्णी ध्वनिमुद्रण सर्वांना सारखेच प्रभावी वाटत नाही. याचे कारण प्रत्येकाच्या बाह्यकर्णाची ठेवण निराळी असते. कृत्रिम मस्तकाने मुद्रित केलेला आवाज ऐकणे म्हणजे एका अर्थाने दुसऱ्याचे कान लावून ऐकणे होय. डावे-उजवे त्यात सहसा चुकत नाही. परंतु समोरचा आवाज मागे किंवा डोक्याच्या वर सरकल्यासारखा वाटतो. ही तक्रार अनेक श्रोते करतात.

मेंदू मात्र नव्या कानांची सवय करून घेऊ शकतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींच्या बाह्यकर्णात साचे बसवून त्यांचा आकार बदलण्यात आला. सुरुवातीला वर-खाली दिशा ओळखण्याची त्यांची क्षमता ढासळली. काही आठवड्यांत ती बऱ्याच अंशी परतली. साचे काढल्यावर जुन्या कानांनी ऐकण्याची क्षमताही शाबूत असल्याचे आढळले.

दुसरा मार्ग प्रत्येकाच्या कानांचे मापन करण्याचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेने २००१ मध्ये ४५ व्यक्तींच्या कानांची, प्रत्येकी १,२५० दिशांतील मापने संशोधनासाठी खुली केली. अशा मापनाला लागणारा वेळ कमी करण्यासाठी मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी आणि मेरीलँड विद्यापीठातील प्राध्यापक रमणी दुरईस्वामी यांच्या गटाने उलटी युक्ती वापरली. त्यांनी लहानसा स्पीकर कानात आणि मायक्रोफोन सभोवती ठेवले. त्यामुळे सर्व दिशांची मापने एकाच वेळी घेता येतात.

तिसरा उपाय डोक्याच्या हालचालीचा. प्रत्यक्ष जीवनात आवाज समोर की मागे, याची शंका आली की माणूस नकळत मान वळवतो. मान उजवीकडे वळवल्यावर समोरचा आवाज डाव्या कानाकडे सरकतो, तर मागचा उजव्या कानाकडे. साध्या हेडफोनमध्ये मानेबरोबर सगळे ध्वनिविश्वही फिरते आणि भास दुबळा होतो. आधुनिक हेडफोनमधील संवेदक मानेचा कोन मोजून ध्वनी त्यानुसार बदलतात. ॲपलने २०२० मध्ये आपल्या इअरफोनसाठी ही सुविधा आणली. त्यानंतर अँड्रॉइड प्रणालीतही ती उपलब्ध झाली.

श्रवणावर उभा असलेला खेळ

दिशाज्ञान ही काहींसाठी करमणुकीपलीकडची गोष्ट असते. बंगळुरू हे भारतातील दृष्टिहीनांच्या क्रिकेटचे प्रमुख केंद्र आहे. महांतेश जी. के. यांनी १९९७ मध्ये येथे स्थापन केलेल्या ‘समर्थनम’ या संस्थेचा या खेळाच्या उभारणीत मोठा वाटा आहे. दृष्टिहीनांच्या पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना २०१२ मध्ये बंगळुरूतच झाला. २०१७ आणि २०२२ मधील अंतिम सामने एम. चिन्नास्वामी स्टेडियमवर झाले. तिन्ही वेळा भारताने विजेतेपद पटकावले.

या खेळातील प्लास्टिकच्या कडक चेंडूत छर्रे असतात. गोलंदाज ‘प्ले’ असा पुकारा करून चेंडू हात खाली ठेवून टाकतो आणि तो खुळखुळत येतो. संघात किमान चार खेळाडू पूर्णतः दृष्टिहीन असावे लागतात. समोरच्या बाजूचा आवाज माणूस प्रयोगशाळेतील शांततेत सुमारे एक अंशाच्या अचूकतेने ओळखू शकतो. पाच मीटर अंतरावर एक अंश म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटर. साधारण एका बॅटच्या रुंदीपेक्षाही कमी. मैदानावर वारा, गलका आणि चेंडूचा वेग यांतून हीच अचूकता क्षणार्धात साधावी लागते. त्यासाठी दोन्ही कान सारखेच सक्षम असणे अत्यावश्यक ठरते.

नाम सारखे, गुण वेगळे

समाजमाध्यमांवर ‘८डी’ या नावाने फिरणारी गाणी हेडफोनवर डोक्याभोवती फिरल्यासारखी वाटतात. ध्वनीला आठ मिती नसतात. बहुतेक वेळा तयार स्टिरिओ गाणेच डावीकडून उजवीकडे सरकवून त्याला कृत्रिम घुमारा दिलेला असतो. त्यात कानाच्या ठेवणीचे संकेत असतातच असे नाही.

‘बायनॉरल बीट्स’ हाही निराळा प्रकार आहे. दोन कानांना किंचित भिन्न वारंवारतेचे सूर ऐकवल्यास मेंदूला त्या फरकाइतका ठोका जाणवतो. उदाहरणार्थ, २०० आणि २०६ हर्ट्झचे सूर दिल्यास सेकंदाला सहा ठोके. त्याचा त्रिमितीय ध्वनिमुद्रणाशी संबंध नाही. झोप, एकाग्रता किंवा आजार यांबाबत त्याच्या नावाने होणारे दावे सावधपणे पारखणे योग्य.

ऐकताना घ्यावयाची दक्षता

त्रिमितीय ध्वनीचा अनुभव घेण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. हेडफोनची डावी-उजवी बाजू अचूक लावणे, मोबाईलमधील ‘मोनो’ ध्वनीचा पर्याय बंद ठेवणे आणि शांत जागी डोळे मिटून ऐकणे पुरेसे असते. मुद्रण आधीच द्विकर्णी असेल, तर हेडफोनमधील वेगळा ‘स्पेशियल’ परिणाम बंद करावा. अन्यथा एकाच ध्वनीवर दोनदा संस्कार होतात. पाऊस, बाजार, रेल्वे स्थानक किंवा पक्ष्यांचे थवे अशी मुद्रणे संगीतापेक्षा हा परिणाम अधिक ठळकपणे दाखवतात.

आवाजाची पातळी मात्र मर्यादेत हवी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो. असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे जगभरात १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक जणांच्या श्रवणशक्तीला धोका असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रहदारीच्या गोंगाटात हेडफोनचा आवाज नकळत वाढवला जात असल्याने महानगरांत ही जोखीम अधिक असते.

एका कानाची श्रवणशक्ती कमी झाली तरी शब्द ऐकू येत राहतात. त्यामुळे हा दोष अनेकदा उशिरा लक्षात येतो. मात्र वाहन कोणत्या बाजूने येत आहे, वर्गात कोण बोलत आहे, गर्दीत हाक कोणी मारली, हे समजेनासे होते. मूल हाकेला वारंवार चुकीच्या दिशेला वळत असेल, किंवा दूरध्वनी नेहमी एकाच कानाला लावत असेल, तर दोन्ही कानांची स्वतंत्र तपासणी करून घेणे आवश्यक आहे. एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाल्यास विलंब न लावता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अशा प्रसंगी उपचारांची परिणामकारकता ते किती लवकर सुरू होतात यावर अवलंबून असते. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेसह वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही श्रवणतपासणीची सोय उपलब्ध आहे.